‘फ्लॅट खाली आहे का?’ : मोठ्या माणसांना मराठी बोलतं करताना

माझ्या पहिल्या बॅचमध्ये केरळच्या एक नर्स होत्या. मी घेतलेल्या लेखी परीक्षेत त्यांना 50 पैकी 46 मार्क पडले. ‘स, ला, ते’पासून सप्तमीपर्यंत सगळे प्रत्यय पाठ. नदीच्या नद्या, वहीच्या वह्या, काही म्हणता काही चुकलं नाही. त्याच आठवड्यात त्या मला जांभळी नाक्याच्या बाजारात दिसल्या. भाजीवालीने विचारलं, “किती देऊ?” बाई गप्प. मान खाली, पिशवीशी चाळा, आणि मग पुटपुटल्यासारखं, “आधा किलो.” मी लिंबांच्या ढिगापलीकडे उभी होते. त्यांचं लक्ष गेलं नाही ते बरंच झालं, कारण लाज मला वाटत होती. तीन महिने मी त्यांना मराठीविषयी पुष्कळ काही शिकवलं होतं. बोलायला शिकवलं नव्हतं.

ठाण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी 31 वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार संध्याकाळी हा वर्ग सुरू केला. निमित्त मुलांच्या आयांचं. 2020 च्या कायद्याने राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, आणि पोरांचा गृहपाठ आयांच्या गळ्यात आला. लिफ्टमध्ये गाठून विचारायच्या, “मॅडम, ‘मुलगा’चं ‘मुलाला’ का होतं? ‘मुलगाला’ का नाही?” म्हटलं, या रविवारी खालीच. आज वर्गात त्या आया आहेतच, शिवाय ओडिशाचे एक बँक अधिकारी, उत्तर प्रदेशातले दोन वॉचमन, नातवंडांसाठी इथे येऊन राहिलेल्या एक तमिळ आजी, आणि घणसोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने येणारा एक बंगाली मुलगा. असा वर्ग तुम्हाला काढायचा असेल तर मला ज्या गोष्टी उशिरा कळल्या त्या आधी सांगते.

एका वर्गात बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. आकडा सम ठेवा, कारण सगळं काम जोड्यांनी होतं. दीड तास पुरतो. फळा हवा, पण छोटा. मोठा असला की आपल्याला तो भरावासा वाटतो.

पहिल्या दिवशी

पहिल्या दिवशी मुळाक्षरं नाहीत. मी विचारते, “तुम्हाला आत्ता या क्षणी किती मराठी येतं?” सगळे एका सुरात, “बिलकुल नहीं.” मग मी म्हणते, लोकलमध्ये काय ऐकता? हळूहळू निघतं : पुढील स्टेशन, फलाट क्रमांक, धीमी, जलद. कुणीतरी “चला, चला” म्हणतं, कुणी “सरका.” आणि मग कुणाला तरी गणपती आठवतात. ‘गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या’ येत नाही असा माणूस मला ठाण्यात अजून भेटलेला नाही.

ते वाक्य म्हणजे घबाड आहे. त्यातला ‘वर्षी’ काढा आणि ‘आठवड्यात’ घाला. पुढच्या आठवड्यात लवकर या. पुढच्या सोमवारी लवकर या. पुढच्या सिग्नलला थांबा. सामान्यरूप हा शब्द न उच्चारता ‘पुढच्या’ तोंडात बसतो. वीस मिनिटांत बारा माणसं बारा वाक्यं बोलतात, आणि ती सगळी उद्या कुठे ना कुठे वापरता येतात. पहिल्या महिन्यात मी अशा तयार तुकड्यांवरच भर देते : ‘मला ... पाहिजे’, ‘... मिळेल का?’, ‘मला ... जायचंय’, ‘... येईल का?’, ‘राहू द्या’, ‘बघते नि सांगते’, ‘हरकत नाही’. आणि ‘चालेल’. ‘चालेल’ एवढा एक शब्द नीट आला तर माणूस ठाण्यात आठवडाभर निभावून नेतो असं माझं मत आहे. व्याकरण मी शिकवते, पण मागाहून. तुकडा तोंडात बसला आणि तो तसा का, हा प्रश्न त्यांच्याकडून आला, म्हणजे.

हाक कशी मारायची तेही पहिल्याच दिवशी. रिक्षावाल्याला ‘दादा’, भाजीवालीला ‘मावशी’ किंवा ‘ताई’, शेजारच्या आजोबांना ‘काका’ म्हटलं तरी चालतं. मला ‘बाई’ म्हणा असं मी सांगते. मराठी शाळेत आम्ही सगळ्यांनी शिक्षिकेला बाईच म्हटलं. पण हिंदी बोलणाऱ्यांच्या कानाला ‘बाई’ म्हणजे कामवाली, त्यामुळे बिचारे अवघडतात. एक वॉचमन महिनाभर ‘बाई जी’ म्हणत होते. मी चालू दिलं.

आपलं तोंड आवरायचं

सगळ्यात कठीण भाग हा, आणि तो शिकणाऱ्याचा नाही, आपला आहे. एकदा मी फोन टेबलावर ठेवून सबंध तास रेकॉर्ड केला. रात्री ऐकला. मीच बोलत होते. प्रश्न विचारायचे, समोरचा “अं...” म्हणेपर्यंत मीच उत्तर द्यायचे, मग त्यालाच “छान!” म्हणायचे.

अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी 1970 च्या दशकात शाळांतले विज्ञानाचे तास रेकॉर्ड करून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तिथली मुलं आपल्या स्वतःच्या भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत तर शब्द शोधायचा, त्याला रूप द्यायचं आणि उच्चारही करायचा. एका सेकंदात काय होणार?

तीन सेकंद म्हणजे किती, हे थांबून पाहिल्याशिवाय कळत नाही. फार लांब वाटतात. मी हातातल्या बांगड्या एकेक करून चाचपते. दोन्ही हातांतल्या मिळून सहा होईपर्यंत बोलायचं नाही. तमिळ आजींच्या लक्षात आलं. आता मी मध्ये बोलले की त्या माझ्या मनगटाकडे बोट दाखवतात.

दुसरा त्रास म्हणजे एकच जण सगळ्यांच्या वाटचं बोलतो. आमचे बँकवाले तसे. मी प्रत्येकाला पाच चवळीचे दाणे देते. तोंड उघडलं की एक दाणा मधल्या वाटीत. दाणे संपले की ऐकायचं. आणि सगळ्यांचे दाणे संपेपर्यंत विषय बदलायचा नाही, म्हणजे मुकी माणसंही सुटत नाहीत. बँकवाल्यांनी एकदा खिशातून घरच्या चवळ्या काढल्या होत्या.

चौथी सीट

आता मुख्य कृती. तिला आम्ही ‘चौथी सीट’ म्हणतो, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘सरका’ म्हणत चौथा मिळवतो त्या जागेवरून. एवढी एकच उचललीत तरी वर्ग चालेल.

खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावा, गुडघ्याला गुडघा लागेल अशा, लोकलच्या डब्यातल्यासारख्या. सहा इकडे, सहा तिकडे. एका रांगेने समोरच्याला एक गोष्ट सांगायची, चार मिनिटं. समोरच्याने फक्त ऐकायचं. चार मिनिटं झाली की मी ओरडते, “सरका!” बोलणारी रांग एक खुर्ची पुढे सरकते, शेवटचा उठून पहिल्या खुर्चीवर येतो. आता तीच गोष्ट नव्या माणसाला, तीन मिनिटांत. पुन्हा सरका. तिसऱ्या माणसाला, दोन मिनिटांत. मग रांगांची अदलाबदल. नवख्यांना चार मिनिटं झेपत नाहीत. त्यांना दोन, दीड आणि एक द्या.

ही युक्ती माझी नाही. कीथ मॉरिस यांनी ती 1983 मध्ये मांडली, आणि न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी 1989 मध्ये तिच्यावर लिहिल्यावर ती जगभर गेली. चौथ्या सीटचं नाव तेवढं आमचं. ती का चालते ते वर्गात बसलं की दिसतं. पहिल्या खेपेला माणसाचं अर्धं डोकं ‘काय सांगू’ यात गुंतलेलं असतं. दुसऱ्या खेपेला ते ठरलेलं असतं आणि शब्द नुकतेच हाताळलेले असतात. तिसऱ्या खेपेला वाक्यं जुळून येतात, मधल्या फटी बुजतात. आणि ऐकणारा प्रत्येक वेळी नवा असल्यामुळे तेच तेच बोलतोय असं वाटत नाही. त्याच्यासाठी ती ताजी बातमी असते. 2011 मध्ये नेल द यॉन्ग आणि चार्ल्स परफेटी यांनी दोन गट तुलनेला घेतले. एक गट तोच विषय पुन्हा पुन्हा बोलत होता, दुसरा दर वेळी नवा. सराव चालू असताना सफाई दोघांतही आली, पण नंतर नव्या विषयावर बोलताना ती फक्त पहिल्या गटात टिकली.

विषय निवडताना चुकू नका. मी पहिल्यांदा ‘प्रदूषण’ दिलं. बारा माणसं छताकडे बघत बसली. ज्याला मातृभाषेतही प्रदूषणावर चार मिनिटं बोलता येत नाही त्याने मराठीत काय बोलावं? काल घरी काय शिजलं. मी घरून स्टेशनला कशी येते. ठाण्यात घर शोधताना काय काय झालं (यावर कुणीही, कितीही). माझा हरवलेला फोन. मुलाच्या शाळेतली मीटिंग. घटना त्याच्या डोक्यात आधीपासून हवी, म्हणजे कष्ट फक्त भाषेचे पडतात.

एक इशारा. घाईत चुकाही पाठ होतात. 2014 मध्ये एका अभ्यासाने या पद्धतीवर हाच आक्षेप घेतला होता, की वेळ कमी करत गेलं की पहिल्या खेपेची चूक तिसऱ्या खेपेतही तशीच येते. माझा अनुभवही तोच आहे. म्हणून मी दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मध्ये एक मिनिट गप्प बसवते. ज्याला अडलं असेल त्याने मला हळूच विचारावं. फक्त एक शब्द किंवा एक रूप. मग तिसरी खेप.

बोलायला कारण पाहिजे

दोघांकडे सारखीच माहिती असेल तर संवाद खोटा होतो. “तुमचं नाव काय?” नाव तर गळ्यातल्या पट्टीवर लिहिलंय. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नको, आणि दुसऱ्याला ते लागत असलं पाहिजे.

माझा ठरलेला खेळ बाजाराचा. एकाला कार्ड : खिशात 300 रुपये, घरी पाच माणसं जेवायला, एकाला वांगं चालत नाही. दुसऱ्याला कार्ड : भाव, आणि कुठली भाजी संपली ते. कार्डं एकमेकांना दाखवायची नाहीत. भाव मुद्दाम अडनिडे ठेवा, पाव किलोचे, जुडीचे, डझनाचे. दीड, अडीच, सव्वा, पावणेतीन हे इथे भरपूर घोटून होतात. ‘साडेतीन’ येतो, ‘पावणेतीन’ हमखास अडतो. आमच्या वॉचमनना आला, कारण हिंदीतही पौने आहे, पण आजींना दोन रविवार लागले. सुट्टे नसल्याचंही एक कार्ड आहे. त्या कार्डावर वर्गात खरी भांडणं झालेली आहेत, आणि भांडताना माणसं फार सुरेख बोलतात.

दुसरा खेळ फोनचा. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा. हात, डोळे, मान, सगळ्याची मदत बंद. नर्सबाईंना याची खरी गरज होती. समोर पेशंट असला की त्यांचं खुणांनी भागायचं, पण नातेवाइकांना फोन करायची वेळ आली की त्या दुसरीला पुढे करायच्या. आम्ही तो फोन निदान पंधरा वेळा केला असेल. मी कधी बहिरा सासरा झाले, कधी एकसारखं “म्हणजे सिरियस आहे का?” विचारणारी सून.

अडल्यावर काय

बोलण्यात अडायला सगळ्यांनाच होतं. आपण अडलो की ‘म्हणजे...’, ‘ते हे...’, ‘काय म्हणतात त्याला...’, ‘थांबा हं, सांगते’ असं काहीतरी घालतो आणि वेळ काढतो. शिकणारा अडला की त्याच्या तोंडून ‘मतलब’ किंवा ‘ॲक्च्युअली’ बाहेर पडतं, आणि तिथे घात होतो, कारण समोरचा मराठी माणूस ते ऐकून लगेच हिंदीवर येतो. म्हणून हे भरताड शब्द मी पाढ्यांसारखे घोकून घेते. शब्द आठवेना तर निदान मराठीत अडा.

तसेच ऐकणाऱ्याचे शब्द. हो का? मग? बापरे! काय सांगता! अगं बाई! बरं बरं. मराठी माणूस बोलताना समोरून ‘हं’ आला नाही की थांबतो, कळलं नाही वाटतं असं समजून. चौथ्या सीटच्या दुसऱ्या महिन्यापासून मी ऐकणाऱ्यालाही काम देते : गोष्ट ऐकताना असे तीन उद्गार योग्य जागी टाका. बंगाली मुलाने सुरुवातीला कुणाच्या तरी आजारपणाच्या गोष्टीत “अरे वा!” टाकला. तो दिवस अजून वर्गात सांगितला जातो.

शब्दच माहीत नसला तर वळसा घालता आला पाहिजे. मी घरून पिशवीत वस्तू आणते : किसणी, सांडशी, झारा, गाळणी, विळी. एकाने पिशवीत हात घालून, नाव न घेता, इतरांना ओळखू येईल असं सांगायचं. आजींनी किसणीचं वर्णन केलं, “ते हे... नारळ... वरखाली, वरखाली, बोट पण जाते.” पाच सेकंदांत ओळखलं. व्याकरण लंगडं, पण निरोप पोचला. वर्गातलं हे कौशल्य बाहेर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

हिंदीवाल्यांसाठी वेगळा धोका म्हणजे सारखे दिसणारे शब्द. वॉचमनपैकी एकजण ओळखीच्यांसाठी भाड्याची जागा शोधत होते. पाचव्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी अगदी अदबीने विचारलं, “तुमच्या बाजूचा फ्लॅट खाली आहे का?” आजी म्हणाल्या, “नाही हो, खाली कसा असेल? माझ्या बाजूलाच आहे!” शिक्षा, चेष्टा, संसार, यातायात हे असेच. ‘मुलाला चांगली शिक्षा द्यायची आहे’ हे वाक्य तर दर बॅचला येतं. यादी करून वाटू नका. एकेकाची फजिती झाली की ती वर्गात सांगायला लावा. यादी विसरतात, फजिती विसरत नाहीत.

खरा अडथळा

आता थोडं कडू. ठाण्या-नवी मुंबईत मराठी शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त आडवं कोण येतं? आपण. एक अमराठी माणूस धीर करून वाक्य सुरू करतो, “मला... एक... पाव किलो...” आणि आपण दयाबुद्धीने म्हणतो, “हां, हां, क्या चाहिए?” आपल्याला वाटतं मदत केली. त्याच्या बाजूने दार तोंडावर बंद झालेलं असतं. मग संध्याकाळी आपणच गप्पा मारतो की बाहेरचे लोक मराठी शिकत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. वाटणारे गृहस्थ वॉचमनला म्हणाले, “लो भैया, मराठी के पेढे.”

म्हणून माझ्या वर्गात जागा न सोडण्याची वाक्यं असतात, आणि ती मी सगळ्यात जास्त घोटून घेते. ‘हिंदी नको, मराठीतच बोला ना, मी शिकतेय.’ ‘जरा हळू बोला.’ ‘पुन्हा सांगता का?’ ‘हा शब्द नाही कळला.’ पहिलं वाक्य हसून म्हणायचं. चेहरा आंबट केला की ते तक्रारीसारखं वाटतं. हे वाक्य ऐकून एकही माणूस रागावलेला नाही. बहुतेक वेळा तो स्वतःच सावरून बसतो आणि जास्तच शुद्ध बोलू लागतो, तो आणखी एक ताप.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस आम्ही रविवारी सकाळी जांभळी नाक्याला जातो. चार-चारचे गट, त्याहून मोठे नको, नाहीतर विक्रेत्यांना वाटतं मोर्चा आला. काम ठरलेलं : आपल्या ओळखीची नसलेली एक पालेभाजी शोधायची, तिचं नाव विचारायचं, भाव विचारायचा, आणि ती कशी करतात ते विकणारीकडून ऐकून यायचं. भाव सगळेच विचारतात. त्यात दोन वाक्यांत काम होतं. ‘ही कशी करायची हो मावशी?’ विचारलं की मावशी पाच मिनिटं बोलते. एकदा अंबाडी निघाली. मावशीने सांगितलं, आधी उकडायची, पाणी काढून टाकायचं नाहीतर दात आंबतात, मग तांदळाच्या कण्या, आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. परत येऊन तळ्यावर, मासुंदाच्या काठी बसून प्रत्येक गटाने आपापली भाजी दुसऱ्याला सांगायची. ‘चरचरीत’ हा शब्द त्या दिवशी बारा जणांना आला, आणि मी शिकवला नव्हता.

नवी मुंबईत वर्ग घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. घणसोली, कोपरखैरणे, जुहूगाव इथल्या जुन्या गावठाणांतून आगरी-कोळी बोली कानावर पडते. आमचा बंगाली मुलगा घरमालकिणीचं बोलणं ऐकून घाबरून आला, म्हणाला, “बाई, मला मराठी येतच नाही.” त्याला मी सांगितलं, तुझं मराठी ठीक आहे, त्यांचंही ठीक आहे. बोलताना तू वर्गातलं बोल, ऐकताना कान मोकळा ठेव. तिची काही वाक्यं तिला विचारून रेकॉर्ड करून आणली, आणि तो तास मलाही शिकवून गेला.

चुकांचं काय

बोलणं चालू असताना चूक सुधारू नका. बोलणारा थांबतो, आणि थांबायची सवय मोडायलाच तो आला आहे. मी वहीत लिहीत राहते. शेवटची दहा मिनिटं पाच वाक्यं फळ्यावर, कुणाची ते न सांगता. जोड्यांनी दुरुस्त करायची. पाचच. सापडतात चाळीस, पण पाचच, आणि त्यातली तीन अशी निवडते की ज्यांनी अर्थ बदलतो.

पूर्वी मी नुसतं बरोबर करून परत म्हणायचे. तो म्हणे, “मी पोळी खाल्ला.” मी, “हो का, पोळी खाल्ली?” तो, “हो, खाल्ला.” रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंचच्या वर्गांत पाहिलं, तर शिक्षक सगळ्यात जास्त हीच पद्धत वापरत होते आणि मुलं स्वतःची चूक सुधारण्याचं प्रमाण हिच्यातच सगळ्यात कमी होतं. आता वर्ग छोटा असला आणि एखाद्याची तीच चूक पुन्हा पुन्हा येत असली, तर बोलणं संपल्यावर मी फक्त विचारते, “पोळी... काय?” आणि बांगड्या मोजते.

उच्चारांवर मी फार वेळ घालवत नाही. ‘ळ’चा सराव मात्र घेते, कारण वेळ आणि वेल, काळ आणि काल यांत घोळ होतो. तमिळ, मल्याळी आणि ओडिया माणसांकडे ‘ळ’ घरचाच असतो. हिंदी-बंगालीवाल्यांना त्यांच्याशी जोडीला बसवा, मस्त जमतं. ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च वेगळा आहे हे एकदा दाखवते आणि सोडून देते. कुणाला चमचा चुकीच्या ‘च’ने मिळाला नाही असं झालेलं नाही.

एक चूक मात्र माझीच. भाषा माझ्या तोंडून शिकल्यामुळे वर्गातले पुरुष ‘मी आले’, ‘मी गेले’, ‘मी शिकतेय’ म्हणू लागले. सोसायटीत हसू व्हायला लागलं तेव्हा मला कळलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा माझे यजमान येऊन बसतात आणि स्वतःच्या दिवसाची गोष्ट सांगतात. तुम्ही पुरुष असाल तर एखादी बाई आणा. त्यात आणखी गुंता असा की इथल्या कितीतरी मराठी मुलीच ‘मी आली’, ‘मी बोलली’ म्हणतात. शिकणारीने तसं म्हटलं तर मी सांगते, बाहेर ऐकशील, चालतं. लिहिताना मात्र ‘आले’.

मोजायचं कसं

लेखी परीक्षा मी बंद केली. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं एक मिनिट रेकॉर्ड करा, विषय ‘माझा कालचा दिवस’. दहाव्या आठवड्यात पुन्हा तोच विषय. दोन्ही समोरासमोर ऐकवा आणि तीन गोष्टी मोजायला त्यांनाच लावा : एका मिनिटात किती शब्द, किती वेळा लांब थांबला, किती वेळा हिंदीवर गेला. मध्ये दर आठवड्याला एक मिनिटाचा आवाज व्हॉट्सॲपवर मला पाठवायचा, लिहून वाचलेला नको. वाचलेला लगेच ओळखू येतो, त्यात कुणी अडत नाही.

फ्लॅटवाल्या वॉचमनच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये 31 शब्द होते आणि त्यातले निम्मे हिंदी. दहाव्या आठवड्याचं रेकॉर्डिंग त्यांनी रात्रपाळीत गेटवरून पाठवलं. मागे कुत्री भुंकतायत, ट्रक जातोय, आणि हे सांगतायत की लिफ्ट बंद पडली, सातव्या मजल्यावरच्या काकू चिडल्या, मग त्यांनी काकूंना कसं समजावलं. 58 शब्द, हिंदी फक्त ‘मेंटेनेन्सवाला’च्या आधीचा एक ‘वो’. शेवटी म्हणतात, “आणि मग मी खाली आले.” खाली अगदी बरोबर. ‘आले’ वहीत लिहून ठेवलंय, रविवारी फळ्यावर घेईन.